वंध्य सायप्रिनसचं बीज: मार्चमध्ये टक्का का घसरतो?

कुडाळजवळच्या एका लहान हॅचरीच्या मालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. ते दोन हंगाम सायप्रिनसची, म्हणजे कॉमन कार्पची, त्रिगुणित पिल्लं (गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असलेली, म्हणून वांझ) तयार करायचा प्रयत्न करतायत. फलन झाल्यावर चार मिनिटांनी अंडी ४० अंशांच्या पाण्यात दोन मिनिटं बुडवायची, ही त्यांची कृती. जानेवारीत तपासलेल्या नमुन्यात शंभरात ऐंशी-नव्वद मासे त्रिगुणित निघाले. मार्चमध्ये तेच तीस-चाळीसवर आले, शिवाय अंडीही जास्त मेली. "कृती तीच, माणसं तीच, मग चुकतंय कुठे? दाबाचं यंत्र घ्यावं का? की हा नाद सोडून तिलापियाची सगळी नर पिल्लं करून विकावीत, तीही वांझच ना?"

तुमचं "कृती तीच, माणसं तीच" हे वाक्य मी दोनदा वाचलं. गोम त्यातच आहे. कृती तीच राहिली आणि पाणी बदललं. जानेवारीत पहाटे तुमच्या टाकीचं पाणी २२ अंश होतं आणि मार्चमध्ये २८, हे तुम्हीच लिहिलंय. अंड्याला मिनिटं कळत नाहीत, त्याला फक्त पाण्याची ऊब कळते. मार्चमधलं चार मिनिटांचं अंडं जानेवारीतल्या चार मिनिटांच्या अंड्यापेक्षा वयाने बरंच पुढे गेलेलं असतं.

हे नीट लक्षात यावं म्हणून आत काय चाललेलं असतं ते सांगतो. मादीच्या पोटातून निघालेल्या अंड्यात आईच्या गुणसूत्रांची वाटणी पूर्ण झालेली नसते. शुक्राणू आत शिरला की ती उरलेली वाटणी पुरी होते आणि अंडं गुणसूत्रांचा एक संच बाहेर टाकतं. त्या बाहेर टाकलेल्या कणाला आपण दुसरी पोलर बॉडी म्हणतो. आपला गरम पाण्याचा शॉक नेमका त्या क्षणी बसला, तर तो संच ओढून बाहेर नेणारी यंत्रणा मोडते आणि संच आतच राहतो. आईचे दोन आणि बापाचा एक, असे तीन संच झाले की मासा त्रिगुणित. मोठेपणी गाभोळी किंवा चीक (नराचं वीर्य) तयार करताना तीन संचांच्या जोड्या जुळत नाहीत, म्हणून तो वांझ. सायप्रिनसमध्ये साधी गुणसूत्रं १००, त्रिगुणितात १५०. शॉक फार लवकर दिला तर यंत्रणा अजून उभी राहिलेली नसते. उशीर झाला तर संच बाहेर गेलेला असतो आणि तुम्ही अंड्याला फक्त चटका देता. मार्चमध्ये तुमचा त्रिगुणितांचा टक्काही पडला आणि मरही वाढली, ही दोन्ही लक्षणं उशिराची आहेत.

थंड पाण्याच्या माशांमध्ये हे गणित सोपं असतं. ट्राउट-सालमनवाले १० अंशांच्या पाण्यात फलनानंतर साधारण ३० मिनिटांनी उष्णतेऐवजी यंत्राने दाबाचा शॉक देतात. ते याला ३०० अंश-मिनिटं म्हणतात, आणि पाणी बदललं की भागाकार करून वेळ बदलतात. त्यांच्याकडे दोन मिनिटं इकडेतिकडे झाली तरी निभावतं. आपल्याकडे सगळा खेळ तीन-पाच मिनिटांत संपतो, त्यात अर्ध्या मिनिटालाही किंमत आहे. नाईल तिलापियावर झालेल्या कामात ४१ अंशांचा शॉक फलनानंतर सुमारे पाच मिनिटांनी, साडेतीन मिनिटं दिला गेला. ती वेळ त्या जातीची आणि त्या पाण्याची. कुणाच्याही कागदावरचा आकडा तुमच्या कर्ली नदीकाठच्या हॅचरीत जसाच्या तसा चालेल असं समजू नका, माझाही नाही.

मी स्वतः हे नुकसान सोसून शिकलो. रत्नागिरीकडे आमच्या पहिल्या मोठ्या प्रयोगात डिसेंबरात बसवलेली वेळ आम्ही एप्रिलपर्यंत तशीच ओढली. तीन माद्यांची अंडी होती, सगळं वेळच्या वेळी केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जारमध्ये बघतो तर पांढऱ्या अंड्यांचा थर, वर बुरशीचा कापूस. जी जगली ती पुढे तपासली तर बहुतेक साधीच. आमच्याकडे एक जुने कामगार होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "पाणी कितीचं होतं?" फलनाच्या भांड्यातलं पाणी कुणी मोजलंच नव्हतं. मोजलं होतं ते हौदातलं.

तेव्हापासून आमच्याकडे पहिलं काम ठरलेलं आहे, अंड्याचा फेरा मोजायचा. साधा कंपाउंड मायक्रोस्कोप पुरतो. शॉक न दिलेली वीसेक अंडी काचेच्या बशीत, त्याच पाण्यात ठेवा आणि ते तापमान हलू देऊ नका. अर्ध्या-पाऊण तासानंतर अंड्याच्या टोकावरचा उंचवटा मधोमध चिरल्यासारखा दिसतो, एकाच्या दोन पेशी होतात. निम्म्या अंड्यांत चीर दिसली ती वेळ लिहा. मग दोनाच्या चार होतात, तीही वेळ लिहा. या दोन वेळांमधलं अंतर म्हणजे त्या तापमानाचा एक फेरा. हेच काम २२, २४, २६ आणि २८ अंशांवर करा, एका हंगामात सहज होतं. जानेवारीत जमलेली चार मिनिटं ही २२ अंशांच्या फेऱ्याचा कितवा हिस्सा आहे ते काढलं की इतर तापमानांची वेळ त्याच हिशेबाने मिळते. समजा एका पाण्यात फेरा ३० मिनिटांचा आणि दुसऱ्यात २० मिनिटांचा भरला, तर पहिल्यात साडेचार मिनिटांनी दिलेला शॉक दुसऱ्यात तीन मिनिटांनीच द्यायला हवा. हे आकडे समजावण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही मोजायचे.

याहून सोपी वाट म्हणजे पाणीच बदलू द्यायचं नाही. हॅचरीचे हजारो लिटर पाणी थंड करण्याची कुणाची ऐपत नाही आणि गरजही नाही. फलनापासून शॉकपर्यंतची पाच-सात मिनिटं आणि वीस-तीस लिटर पाणी, एवढंच सांभाळायचं आहे. आम्ही एक जुनी मासे ठेवायची थर्माकोलची पेटी घेतो, त्यात पाणी भरून २४ अंशांवर आणतो आणि सगळा हंगाम २४ वरच काम करतो. किनाऱ्यावर बर्फाला तोटा नाही. फक्त कारखान्याच्या लादीचा बर्फ थेट पाण्यात टाकू नका. तो कुठल्या पाण्याचा, त्यात काय उतरलंय, आपल्याला माहीत नसतं. बर्फ जाड पिशवीत घट्ट बांधून पेटीत सोडा, ढवळत राहा, २४ आलं की पिशवी बाहेर. मादीही आदल्या रात्रीपासून सावलीच्या, त्यातल्या त्यात गार टाकीत ठेवा, म्हणजे अंड्याला एकदम मोठा फरक सोसावा लागत नाही.

आता शॉकच्या हंड्याकडे वळू. तुम्ही लिहिलंय की १० लिटरच्या घमेल्यात ४० अंशांचं पाणी घेता. करून बघा हिशेब. त्यात २४ अंशांच्या पाण्यासकट लिटरभर अंडी पडली की पाणी त्याच क्षणी साडेअडतीसवर येतं. म्हणजे तुम्ही ४० चा शॉक दिलाच नाही. हेच ४० लिटरच्या टाकीत केलं तर पाणी ३९.६ वर थांबतं. म्हणून मोठी टाकी, थोडी अंडी, आणि पाणी सतत फिरतं ठेवणारा छोटा पंप. हीटर थर्मोस्टॅटचा असला तरी त्याच्या आकड्यावर विसंबू नका. बाजारातले काचेचे थर्मामीटर एकमेकांशी एकेक अंश भांडतात. मी घरातला ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर वापरतो. तो माणसाच्या अंगाच्या तापासाठीच बनवलेला, त्यामुळे ३७ ते ४१ या पट्ट्यात तो बाजारातल्या इतर थर्मामीटरपेक्षा विश्वासाचा असतो. हॅचरीचा थर्मामीटर त्याच्याशी ताडून, फरक चिकटपट्टीवर लिहून त्यालाच डकवून ठेवा.

सायप्रिनसच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे आणि माझ्या मते तुमचा अर्धा तोटा तिथे असावा. याची अंडी चिकट. पाण्यात पडली की क्षणात एकमेकांना धरतात आणि बोराएवढे गोळे होतात. असा गोळा तुम्ही ४० अंशांत दोन मिनिटं बुडवला तर बाहेरची अंडी शिजायला येतात आणि आतल्यांना ऊब लागेपर्यंत वेळ संपलेली असते. बाहेरची मरतात, आतली साधी राहतात. मग तपासणीत टक्का कमी दिसतो आणि आपण वेळेला दोष देतो. अंडी सोडवण्याची मीठ-युरियाची नेहमीची पद्धत, म्हणजे लिटरला ४ ग्रॅम मीठ आणि ३ ग्रॅम युरिया आणि शेवटी टॅनिनची धुवणी, छान आहे, पण तिला तासभर लागतो. आपल्याकडे मिनिटं आहेत. म्हणून चिकटपणा तोडायच्या मागे न लागता तो वापरून घ्या. पीव्हीसी पाइपच्या हातभर लांब चौकटीवर नायलॉनची बारीक जाळी ताणून बसवा. पेटीतल्या २४ अंशांच्या पाण्यात चौकट आडवी बुडवून ठेवा आणि फलन झालेली अंडी कोंबडीच्या पिसाने वरून अशी पसरा की एकावर एक बसू नयेत, रांगोळीचे ठिपके पडावेत तशी. अर्ध्या मिनिटात ती जाळीला धरतात. वेळ झाली की अख्खी चौकट उचलायची, गरम टाकीत उभी सोडायची, दोन मिनिटांनी काढून परत २४ मध्ये. प्रत्येक अंड्याला दोन्ही बाजूंनी पाणी लागतं. एका चौकटीवर कमी अंडी मावतात हे खरं, पण चौकटी सहा करा. प्रत्येक चौकटीचं फलन वेगळं, प्रत्येकीचं घड्याळ वेगळं.

फलनाबद्दल तुम्ही "चीक मिसळून थोड्या वेळाने पाणी घालतो" एवढंच लिहिलंय. थोडा वेळ किती, आणि घड्याळ कधी सुरू करता? कोरड्या भांड्यात अंडी आणि चीक मिसळेपर्यंत काहीही सुरू होत नाही. पाणी पडलं की शुक्राणू धावतात, आणि गोड्या पाण्यात सायप्रिनसचा शुक्राणू जेमतेम मिनिटभर धावतो. अंड्याचं दारही तेवढ्यातच मिटतं. म्हणजे निसर्गानेच सगळी अंडी एका मिनिटाच्या आत एका वयाची करून दिलेली आहेत, फक्त आपण ते बिघडवायचं नाही. मादी टॉवेलने खरोखर कोरडी पुसा, शेपटीपर्यंत. पोट दाबताना आधी येणारं मूत्र बाहेर जाऊ द्या. भांड्यात एक थेंब पाणी राहिलं तरी काही अंडी आधीच चालू होतात आणि मग एकाच चौकटीवर दोन वयाची अंडी येतात. स्टॉपवॉच पाणी ओतणाऱ्याच्या हातात नको, दुसऱ्या माणसाच्या हातात द्या आणि त्याने मोठ्याने "पाणी" म्हणावं. चीक दोन-तीन नरांचा घ्या आणि वापरण्याआधी एक थेंब मायक्रोस्कोपखाली बघा. हलत नसलेला चीक दिसायला तितकाच दुधासारखा पांढरा असतो.

अंडं पिकलेलं पण उतरलेलं, म्हणजे जास्त पिकून बिघडलेलं नाही, असं हवं. अंडी सुटण्यासाठी दिलेल्या हार्मोनच्या दुसऱ्या इंजेक्शननंतर सायप्रिनसला साधारण २४० ते २६० अंश-तास लागतात, म्हणजे २४ अंशांच्या पाण्यात दहा-अकरा तास. नऊ तासांपासून दर अर्ध्या तासाने मादी हलक्या हाताने तपासा. बोट टेकताच अंडी आपोआप वाहू लागली तर वेळ झाली. जोर लावावा लागला, रक्ताचा धागा दिसला, तर अजून कच्ची. आणि अंडी सुटून पोटातच राहिली तर गरम पाण्यात तास-दोन तासांत उतरायला लागतात. ती पातळ, फिकट दिसतात. असली अंडी फलन तरी दाखवतात, पण शॉक सोसत नाहीत. बहुतेक हॅचऱ्यांत लोकांना झोप महत्त्वाची म्हणून इंजेक्शनची वेळ संध्याकाळची ठरते आणि मग मादी पहाटे तीनला तयार होऊन सहापर्यंत वाट बघत बसते. इंजेक्शनची वेळ उलटी मोजून ठरवा.

पैदाशीच्या माशांची काळजी नोव्हेंबरपासून घ्यावी लागते. नर-माद्या तेव्हाच वेगळ्या तळ्यांत हव्यात. नाहीतर सायप्रिनस एखाद्या अवकाळी सरीने किंवा नुसतं नवं पाणी सोडल्यावरही शेवाळावर, पाणवनस्पतींवर अंडी घालून मोकळा होतो, आणि तुमच्या हाती उरलेलीसुरलेली गाभोळी येते. खाद्यात नुसता कोंडा आणि शेंगदाणा पेंड चालणार नाही. या माद्यांना फिशमील असलेलं, तीसेक टक्के प्रथिनांचं खाद्य द्या. एका मादीवर सगळा हंगाम काढू नका.

पाण्याच्या प्रतीबद्दल थोडं. आपल्या जांभ्याच्या पट्ट्यातलं विहिरीचं पाणी मऊ असतं, त्यात कॅल्शियम कमी. बोअरच्या पाण्यात बऱ्याच ठिकाणी लोह असतं. ते हवेशी आलं की तांबूस गाळ होतो आणि अंड्यावर बसतो. पाणी एक दिवस उघड्या हौदात हवा देऊन, निवळून मग वापरा, आणि साठवणीच्या हौदात चुना किंवा डोलोमाइट देऊन कठीणपणा लिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर ठेवा. शॉक खाल्लेलं अंडं साध्या अंड्यापेक्षा नाजूक, त्याला पाण्याच्या दोषांची सूट मिळत नाही.

आता मला ज्याची जास्त काळजी वाटते ते. तुम्ही फक्त त्रिगुणितांचा टक्का लिहिला, जगलेल्या अंड्यांचा नाही. दोन्ही एकत्र पाहिल्याशिवाय सुधारणा कळत नाही. समजा हजार अंड्यांतून एका कृतीने ४०० पिल्लं निघाली आणि त्यातली ९५ टक्के त्रिगुणित, म्हणजे ३८०. दुसऱ्या, सौम्य कृतीने ६४० निघाली आणि ६० टक्के त्रिगुणित, म्हणजे ३८४. उतारा सारखाच. पण पहिल्या लॉटमध्ये पिलवणारे मासे २० आणि दुसऱ्यात २५६. वंध्य म्हणून विकायचं असेल तर पहिलीच कृती निवडावी लागते, अंडी जास्त मेली तरी. त्यासाठी दर वेळी तीन चौकटी लावा. एक शॉकची. एक शॉक न देता तशीच ठेवलेली. आणि एक अशी, की जी शॉकच्या चौकटीसारखीच उचलायची, हलवायची, पण २४ अंशांच्याच दुसऱ्या टाकीत बुडवायची. तिसऱ्या चौकटीत मर जास्त दिसली तर दोष उष्णतेचा नाही, हाताळणीचा आहे. ही तिसरी चौकट कुणी लावत नाही आणि महिनोन्महिने चुकीच्या दिशेने दुरुस्ती करत राहतो.

तपासणी कशी करता ते लिहिलं नाहीत, म्हणून सांगतो. बोटुकली झाल्यावर शेपटीच्या मुळाशी सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर पसरायचा, वाळवून गिम्सा नावाच्या रंगाने रंगवायचा. माशाच्या तांबड्या पेशीत केंद्रक असतं, आणि त्रिगुणितात त्याचं आकारमान दीडपट. डोळ्यालाही ते लांबट, भरलेलं वाटतं, पण वाटण्यावर जाऊ नका. आयपीसमध्ये मोजपट्टी बसवून दर माशाची तीसेक केंद्रकं मोजा, सरासरी काढा आणि त्याच मादीच्या शॉक न दिलेल्या भावंडांशी ताडा. भावंडं हाताशी नसतील तर ही मोजणी काही सांगत नाही. पहिल्या एक-दोन लॉटची खातरजमा गुणसूत्रं मोजून करून घ्या. त्यासाठी रत्नागिरीच्या शिरगाव येथील मत्स्य महाविद्यालयात किंवा वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत जाऊन विचारणा करा.

किती मासे तपासायचे? तुम्ही तीस म्हणता. तीसपैकी तीसच्या तीस त्रिगुणित निघाले, तरी लॉटमध्ये दहा टक्क्यांपर्यंत साधे मासे असू शकतात, आकडेशास्त्र तेवढंच वचन देतं. शंभरपैकी शंभर निघाले तर तीन टक्क्यांपर्यंत. आणि सायप्रिनसची एक किलोची मादी लाख-दीड लाख अंडी देते, तीही आपल्या हवेत वर्षाच्या आतच. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत गवत्या मासा (ग्रास कार्प) उघड्या पाण्यात सोडायचा तर नमुना घेऊन भागत नाही, प्रत्येक माशाचं रक्त तपासून तो त्रिगुणित असल्याची खात्री करतात. आपल्याकडे बंदिस्त शेततळ्यासाठी नमुना तपासून दिलेलं बीज चालेल, मात्र गिऱ्हाइकाला टक्का लिहून द्या. नदीकाठच्या तळ्यासाठी मी तसं देणार नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी चिपळूण शहरात शिरली तेव्हा नदीकाठच्या कुठल्या तळ्यातून काय वाहून गेलं याचा हिशेब कुणाकडेच नाही. पहिल्या पावसात आपले चढणीचे मासे ज्या पऱ्यांतून, व्हाळांतून शेतात चढतात, त्याच वाटेवर आपल्या तळ्यांचे सांडवे उघडतात. सायप्रिनस तळ ढवळून पाणी गढूळ करणारा मासा आहे. तो तिथे पिलवायला लागला तर परत काढता येत नाही.

दाबाच्या यंत्राचं म्हणाल, तर त्याचा मोठा गुण असा की दाब प्रत्येक अंड्याला एकाच क्षणी, सारखाच लागतो, गोळा असो की थर. म्हणून निकाल एकसारखे येतात. पण भांडं लहान, किंमत मोठी, आणि तिलापिया-कार्पसाठी सात-आठ हजार पीएसआयचा दाब लागतो. ते भांडं स्थानिक वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करून बनवण्याचा विचारही करू नका, फुटलं तर माणूस जाईल. तुमच्या आजच्या अडचणी अंड्याच्या वयाच्या, गोळ्यांच्या आणि हंड्याच्या आहेत. यंत्राने यातली फक्त गोळ्यांची आणि हंड्याची सुटेल, वयाची तशीच राहील. आधी चौकटी आणि थर्माकोलची पेटी, दोन हंगाम. त्यानंतरही टक्का नव्वदच्या खाली राहिला तर यंत्राचं बघू.

चतुर्गुणित, म्हणजे चार संचांचे, मासे तयार करून त्यांचा साध्यांशी संकर केला तर शॉकशिवाय सगळी पिल्लं त्रिगुणित मिळू शकतात, शिंपल्यांच्या धंद्यात ते जमलंय. माशांमध्ये चतुर्गुणित पिल्लं फार थोडी जगतात आणि मोठी होऊन पिलवणारी त्याहून थोडी. नॉर्वेत सालमनमध्ये जनुक बंद करून बीजपेशीच नसलेले मासे तयार केले गेले, पण ते प्रयोगशाळेचं काम आहे, आपल्या हॅचरीचं नाही.

तिलापियाचा प्रश्न. नाही, नर म्हणजे वांझ नव्हे. खाद्यात मिथाइल टेस्टोस्टेरॉन देऊन, किलोला ६० मिलिग्रॅम, पहिल्या घासापासून २१ ते २८ दिवस, आपण माद्या होऊ घातलेल्या पिल्लांना नर करतो. ते नर पूर्णपणे पिलवणारे असतात. तळ्यात मादी नाही म्हणून पिल्लं होत नाहीत, एवढंच. तोच नर ओढ्यात गेला आणि तिथे मोझांबिक तिलापियाची मादी भेटली की संकर होतो. ती जात आपल्याकडे १९५२ मध्ये आली आणि कित्येक पाण्यांत कायमची बसली आहे. शिवाय तिलापियाच्या संवर्धनाला परवाना लागतो, आणि हार्मोनचं खाद्य उघड्या हाताने कालवायचं नाही, त्या टाकीचं पाणी थेट व्हाळात सोडायचं नाही. तिलापिया त्रिगुणित करणं शास्त्राने जमतं, धंद्याला परवडत नाही. तोंडात अंडी उबवणारी मादी एका वेळी काहीशे ते हजार-दोन हजार अंडी देते आणि सगळ्या माद्या एका दिवशी तयार होत नाहीत. सायप्रिनसची एक चांगली मादी तेवढी अंडी चमचाभरात देते. तुम्ही सायप्रिनस धरलात हे बरोबरच केलंत.

गिऱ्हाइकांना "वांझ मासा दुप्पट वाढतो" असं सांगू नका. पहिल्या वर्षात त्रिगुणित मासा साध्याच्या मागेही राहू शकतो, विशेषतः दोघे एका तळ्यात असले तर खाद्यावर साधा मासा बाजी मारतो. फायदा दिसतो तो पक्व होण्याच्या वयात, जेव्हा साध्या मादीचं वजन गाभोळीत जातं आणि तळं पिल्लांनी भरतं. म्हणून दोन्ही मासे वेगळे वाढवा. त्रिगुणितांच्या रक्तपेशी मोठ्या पण संख्येने कमी, प्राणवायू कमी पडला की ते आधी वर येतात. एप्रिल-मेमध्ये पहाटे चार-पाचला तळ्यावर चक्कर मारा, एरेटर त्या वेळी चालू हवा, आणि वीज जाते हे धरून जनरेटर तयार ठेवा. पॅकिंग करताना पिशवीत नेहमीपेक्षा कमी पिल्लं भरा.

येत्या जानेवारीत सुरुवात कराल तेव्हा एका रात्री एकच गोष्ट बदला. पहिल्या रात्री २४ अंशांवर पाच चौकटी, शॉक २, ३, ४, ५ आणि ६ मिनिटांनी, बाकी सगळं तेच, आणि शॉक नसलेल्या दोन चौकटी सोबत. ज्या वेळेला उतारा आणि टक्का दोन्ही वर दिसतील तिथे थांबून पुढच्या रात्री ३९, ४० आणि ४१ अंश बघा, त्यानंतर दीड मिनिट की दोन. वहीत मादीचं वजन, इंजेक्शनची वेळ, अंडी सुटल्याची वेळ, फलनाच्या पेटीचं आणि शॉकच्या टाकीचं बुडवण्याआधीचं आणि नंतरचं तापमान लिहा. जे लॉट टक्क्यात बसणार नाहीत ते साधं सायप्रिनस म्हणूनच, बंदिस्त तळ्यांनाच विका. आणि जे विकले जाणार नाहीत ते खड्ड्यात चुना घालून पुरा. सांडव्याच्या तोंडाला बारीक जाळी मेअखेरीस लागलेली हवी.